मी म्हणते, दुखतंय

रत्नमाला मगदूम यांनी उजव्या मनगटावरची वेदनापट्टी दातांनी ओढून काढली आणि थिएटरच्या फरशीवर थुंकून टाकली. डावा हात टेबलाला बांधलेला होता, कोपराजवळची कातडी उघडी होती आणि सर्जनच्या चिमट्यात सुई होती. पट्टी काढायला दातांशिवाय दुसरं काही त्यांच्या ताब्यात नव्हतंच.

"दुखतंय म्हणून मघापासून सांगते आहे, आणि तुम्ही त्या पडद्याकडं काय बघताय? माझ्याकडं बघा की!"

डॉ. हेरवाडकर वाईट माणूस नव्हते. फक्त घाईत होते. "ताई, पडद्यावर दोन दिसतंय. दोन म्हणजे मुंगी चावल्यासारखं. तुम्हाला भीती वाटतेय, दुखत नाहीये."

पट्टी पुन्हा बांधली गेली, पडद्यावर पुन्हा दोन आलं आणि ऑपरेशन पुरं झालं. रत्नमालाबाईंनी हात हिसडला होता, त्यात शीर आकसली होती, आणि एवढा खटाटोप करून केलेला शिरेचा तो जोड महिनाभरात बंद पडला. फाइलवर मात्र एक वाक्य राहिलं: 'रुग्ण वेदना वाढवून सांगते.' सुरीपेक्षा हे वाक्य त्यांना जास्त झोंबलं.

इचलकरंजीच्या एका हायस्कुलात त्या खेळाच्या शिक्षिका. पूर्वी जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेल्या आणि पुढं पंच झालेल्या. त्यांनी शिट्टी मारली की पुढाऱ्याचा भाचासुद्धा मुकाट्यानं मैदानाबाहेर जायचा. अशा बाईला 'तू खोटं बोलतेस' असं कुणी लिहून ठेवावं, म्हणजे जरा अतीच झालं.

रक्तदाबानं त्यांची मूत्रपिंडं गेली, त्याला काही वर्षं झाली होती. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. यंत्रात रक्त शुद्ध करायचं तर ते जोरात बाहेर यायला हवं, आणि साध्या शिरेत तेवढा जोर नसतो. म्हणून हातातली धमनी शेजारच्या शिरेला जोडतात. धमनीच्या जोरानं शीर हळूहळू फुगते, जाड होते आणि जाड सुया सोसायला तयार होते. या जोडाला म्हणायचं फिस्टुला. तो चांगला चालत असेल, तर वर बोटं ठेवली की आत सतत थरथर लागते, मांजर गुरगुरल्यासारखी. थरथर थांबली की समजायचं, कारभार आटोपला.

त्यामुळं डायलिसिसच्या दुसऱ्या पाळीत एक रीतच पडून गेली होती. आल्या आल्या एकमेकांच्या हातावर बोटं टेकवायची आणि विचारायचं, "काय, बोलतोय का?" नमस्कार-चमत्कार नंतर. रत्नमालाबाईंचा मनगटावरचा पहिला जोड चार वर्षं बोलला आणि गप्प झाला. कोपरावरचा दुसरा तर नीट बोलायला लागायच्या आधीच गेला. आता त्यांच्या गळ्यात तात्पुरती नळी होती, आणि त्या नळीनं दोनदा थंडीताप आणला होता. तिसऱ्यांदा आणला तर तो रक्तात भिनेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. डाव्या दंडातली खोल शीर कातडीजवळ वर ओढून धमनीला जोडणं, हा एकच चांगला उपाय उरला होता. त्यासाठी काखेपासून कोपरापर्यंत हात उघडावा लागणार होता.

"तो हात मी त्या पट्टीच्या भरवशावर देणार नाही," त्यांनी घरात जाहीर केलं.

त्यांचे यजमान भूपाल मगदूम त्याच शाळेत गणित शिकवत. पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, "रत्ना, आकड्याला भीती नसते. माणसाला असते. जरा सोसायला शिक."

इथं या पट्टीविषयी सांगायला हवं. माणसाला दुखलं की त्याच्या इच्छेची वाट न बघता शरीर काही गोष्टी करतं. तळव्याला बारीक घाम सुटतो, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. हे सगळं ज्या मज्जातंतूंच्या हुकमानं चालतं, त्यांच्यावर आपला ताबा नसतो. पट्टी हे बदल टिपायची आणि त्यांवरून शून्य ते दहा असा एक आकडा काढायची. शोध खरा होता आणि कामाचाही होता. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळांचं दुखणं त्यामुळं पहिल्यांदा कळलं, बेशुद्ध माणसांचं कळलं. पण चांगली गोष्ट एकदा हाती आली की आपल्याला दम कुठं निघतो? बघता बघता ती बाळंतिणींना लागली, अपघाताच्या दाव्यांत लागली, पोट दुखतंय म्हणून शाळा चुकवणाऱ्या पोरांना लागली. सासवा सुनांची डोकेदुखी तपासू लागल्या. 'किती दुखतंय?' हा प्रश्न डॉक्टरांच्या तोंडून हळूहळू गेला, कारण पडदा समोरच असायचा.

आणि मग ती आली मूत्रपिंडाच्या रुग्णालयात. तिथं एक मोठी तुलना चालू होती. फिस्टुलाच्या ऑपरेशनसाठी हात बधिर करायचा कसा, हा प्रश्न होता. एक गट जुन्या इंजेक्शनचा: जिथं कापायचं तिथंच टोचायचं. दुसरा गट थेंबाथेंबानं सुटणाऱ्या नव्या औषधाचा, तेही तिथंच टोचायचं. तिसरा गट ब्लॉकचा. त्यात गळपट्टीच्या हाडाजवळ सोनोग्राफीत बघत बघत, हाताकडं जाणाऱ्या नसांच्या जुडग्याभोवती औषध सोडतात. अख्खा हात झोपतो, वर रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावतात, त्यामुळं जोडाला जोर मिळतो. मात्र त्याला भूलतज्ज्ञ लागतो आणि वेळही लागतो.

मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांच्या शरीरात आम्ल साचलेलं असतं. बधिर करणाऱ्या औषधाला नसेच्या आवरणातून आत शिरावं लागतं, आणि आम्लात त्याचे बरेचसे कण विद्युतभारित होऊन दाराबाहेरच अडकतात. मग औषध कमी चढतं आणि लवकर उतरतं. म्हणूनच ही तुलना मोलाची होती. पण निकाल आला तो असा, की तिन्ही गटांत पट्टीवर दुखणं सारखंच: सरासरी दोन. सारखंच आहे तर महागडा ब्लॉक हवा कशाला? पुढच्या बैठकीत रुग्णालयाची समिती तो बंद करायला निघाली होती. रत्नमालाबाईंचं ऑपरेशन त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात होतं.

*

रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना भांडण पेटलं. भूपाल सरांनी मेडिकलमधून घरात वापरायची पट्टी आणली होती. कशाला, तर ऑपरेशनआधी रत्नाचा सराव व्हावा म्हणून! सेल नीट आहे का बघायला ती त्यांनी स्वतःच्याच मनगटावर बांधली होती.

"हे बघ, शून्य," ते म्हणाले. "हे यंत्र तुझ्या बाजूचं नाही नि माझ्याही बाजूचं नाही. तू पंच होतीस ना? मग तुला तर हे आवडायला हवं."

"पंच डोळे उघडे ठेवून उभा असतो."

"पण रत्ना, तीनशे लोकांचा डेटा आहे. तीनशे लोक चुकीचे आणि तू एकटी बरोबर?"

या वाक्यानं त्यांचं डोकं फिरलं. हातात ओला टॉवेल होता आणि चिमट्यांचं बास्केट. त्यातला एक चिमटा त्यांनी उचलला आणि काही कळायच्या आत नवऱ्याच्या कानाच्या पाळीला लावून दिला.

"आई गं! वेड लागलं काय तुला?"

पट्टी पिंपिं करत होती. सरांनी चिमटा काढला, कान चोळला आणि सवयीनं मनगटाकडं बघितलं. सहा.

"सहा?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "साध्या चिमट्याला सहा? आणि माझी कातडी उसवली त्याला दोन?"

"अचानक लावलास म्हणून असेल."

"बरं. मग आता तुम्ही मला अचानक लावा."

त्यांनी पट्टी स्वतःच्या मनगटावर बांधून घेतली आणि पाठमोऱ्या होऊन कपडे वाळत घालू लागल्या. बराच वेळ सर घुटमळले. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण बायकोचा कान धरायची हिंमत त्यांनी कधी केली नव्हती. शेवटी त्यांनी चिमटा लावला. रत्नमालाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ओठ दातांखाली गेला. पट्टीनं आवाजसुद्धा केला नाही. एक.

सरांनी दुसऱ्या कानाला लावून पाहिलं. एक. पुन्हा स्वतःला लावला. आता ठाऊक असूनही पाच. मग ते कठड्यावर बसले. बायकोच्या लाल झालेल्या कानांकडं बघत राहिले. थिएटरच्या दारापर्यंत ऐकू आलेली तिची किंकाळी त्यांना आठवली. तेव्हा शेजारच्या माणसाला ते म्हणाले होते, 'जरा नाजूक आहे ती.' त्यांना स्वतःची लाज वाटली.

"रत्ना, त्या दिवशी खरंच..."

"मग काय नाटक केलं होतं मी?" त्यांचा आवाज चिरकला. "सगळ्या जगानं ठेवला नसता विश्वास तरी चाललं असतं. तुम्ही नाही ठेवलात."

सरांनी उठून राहिलेले कपडे वाळत घातले.

*

दुसऱ्या पाळीत चिमट्याची बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या खुर्चीवरचे यासीन मुल्ला, सगळ्यांचे मुल्लाकाका, पूर्वी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. त्यांनी कान पुढं केला.

"लावा की ताई. आमच्या पोराला बी खरं वाटत न्हाई. 'अब्बा, मशीन दोन म्हणतंय, तुमी कशाला कन्हताय?' म्हणतंय."

काकांचाही एकच आला. पलीकडच्या खुर्चीवर दोन. सुया टोचायला आलेल्या ब्रदरनं हसत हसत स्वतःला लावला आणि बोंबलला: सात. खुर्च्यांवरची माणसं एक-दोन, आणि खुर्चीभोवती उभी असलेली पाच-सहा-सात. मे महिन्याच्या उकाड्यात वीज गेलेली, जनरेटरवर यंत्रं तेवढी चालू, पंखे बंद, ब्रदरचा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि खुर्च्यांवरची माणसं कोरडी ठाक. ती रोजच तशी असायची, म्हणून कुणाच्या नजरेत कधी भरलं नव्हतं.

"बैठकीला रुग्णांचा प्रतिनिधी बोलवलाय म्हणे," मुल्लाकाका म्हणाले. "कुनाला धाडायचं?"

"सगळ्यांना," रत्नमालाबाई म्हणाल्या.

*

बैठकीच्या खोलीत समितीची माणसं बसली होती. अधीक्षक होते, डॉ. हेरवाडकर होते, आणि तुलनेची सगळी जबाबदारी जिच्यावर होती ती तरुण भूलतज्ज्ञ डॉ. मृणाल खोत होती. तिनं तीन वर्षं या कामात घातली होती. दार उघडलं आणि एका प्रतिनिधीच्या जागी अख्खी पाळी आत आली. कुणी काठी टेकत, कुणाच्या गळ्यात नळी, आणि झाडून सगळ्यांच्या कानांना रंगीबेरंगी चिमटे. मागून पट्ट्यांची पिशवी घेऊन भूपाल सर.

"हे काय चाललंय?" अधीक्षक उठले. "हे रुग्णालय आहे, जत्रा नाही."

"पट्ट्या बघा साहेब," रत्नमालाबाई म्हणाल्या. "रांगेनं या आणि बघा. चिमटा लागलाय, डोळ्यांत पाणी आहे, आणि पट्टी म्हणते, काही नाही. आता एक चिमटा तुमच्या कानाला."

"हे शास्त्रीय नाही!"

"नसू दे. शास्त्रीय तुम्ही करा, ते तुमचं काम. पण माझ्या हाताला सुरी लावायच्या आधी करा."

अधीक्षकांनी दाराकडं बोट दाखवलं. कुणी हललं नाही. तेवढ्यात डॉ. खोत जागेवरून उठली. तिनं रत्नमालाबाईंच्या हातातला चिमटा घेतला, स्वतःच्या मनगटाला पट्टी बांधली आणि चिमटा कानाला लावला. पिंपिं. सहा.

ती बराच वेळ कोरड्या तळव्यांच्या त्या रांगेकडं बघत राहिली. मग तिनं मुल्लाकाकांचा हात हातात घेऊन तळवा उघडला.

"काका, तुम्हाला घाम येतो?"

"पूर्वी यायचा. आता कुठला हो!"

तिनं चिमटा काढला आणि बोलू लागली. "मूत्रपिंड गेलं की रक्तात विष साचतं. ते वर्षानुवर्षं मज्जातंतूंना खात राहतं. घाम आणणारे, नाडी बदलणारे तंतू त्यात आधी मरतात. दुखणं मेंदूकडं नेणारे तंतू मात्र जिवंत असू शकतात. म्हणजे यांना दुखतं, पण दुखल्याची खूण अंगावर उमटत नाही. आणि आपली पट्टी फक्त खूणच वाचते. कॉलेजच्या धडधाकट मुलांवर बेतलेली पट्टी आपण यांना लावली. हे मला सुचायला हवं होतं."

"पण तिन्ही गट सारखे आलेत त्याचं काय?" समितीतल्या एकानं विचारलं.

आता भूपाल सरांना राहवेना. "दोन फुटांवर अडकलेल्या टेपनं वर्गातल्या सगळ्या मुलींची उंची मोजली, तर सगळ्या सारख्याच भरतील. त्यावरून त्या सारख्या आहेत असं ठरत नाही. टेप बिघडलीय एवढंच ठरतं." मग बायकोकडं बघून ते हळूच म्हणाले, "मीसुद्धा तीच टेप घेऊन हिंडत होतो."

अधीक्षक म्हणाले, वरून विचारून सांगतो. समिती म्हणाली, पट्टी पूर्ण काढता येणार नाही, ती राहील, पण सोबत रुग्णाला विचारलंही जाईल. ब्लॉक तूर्त चालू राहील. तुलना नव्यानं करावी लागेल. डॉ. खोतच्या तीन वर्षांचं पाणी झालं.

"एवढ्यावर नाही भागायचं," रत्नमालाबाई दारात थांबून म्हणाल्या. "माझ्या फाइलमधलं ते वाक्य आधी खोडा."

"ताई, फाइलमधलं खोडता येत नाही," डॉ. खोत म्हणाली. "पण त्याच्याखाली लिहिता येतं." आणि तिनं तिथंच उभ्यानं लिहिलं: 'रुग्ण खरं सांगत होती.' खाली सही केली.

*

थिएटर तेच आणि डॉ. हेरवाडकरही तेच. या वेळी डॉ. खोतनं गळपट्टीच्या हाडाजवळ ब्लॉक दिला होता. हात जड होत होत परका झाला. बोटं हलवायला गेलं तर दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी. सुरी चालली, काहीच कळलं नाही. रत्नमालाबाई छताकडं बघत राहिल्या. मग सुरी दंडाच्या आतल्या बाजूनं काखेकडं सरकली, आणि आग झाली.

"थांबा. दुखतंय."

डॉ. हेरवाडकरांचे डोळे सवयीनं पडद्याकडं गेले. तिथं आकडा एक होता. पडदा नेहमीसारखाच ठाम होता. सुरी हवेत, सगळे श्वास रोखून. रत्नमालाबाईंचा चेहरा हिरव्या कापडाआड होता, पण आवाज तोच होता जो ऐकून माणसं मैदानाबाहेर जात.

"मी म्हणते, दुखतंय."

डॉक्टरांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली. "कुठं, ताई?"

"काखेजवळ. आतल्या बाजूला."

"बरोबर," डॉ. खोत पुढं झाली. "तिथल्या कातडीची नस छातीकडून येते, ती ब्लॉकमध्ये झोपत नाही. म्हणून मी तिथं वेगळं टोचलं होतं, पण ते नीट चढलं नसणार. आणखी देते." तिनं टोचलं आणि थांबली. पडद्याकडं पाठ करून विचारलं, "आता?"

"अजून जरा."

पुन्हा थांबली. कुणी घड्याळाकडं बघितलं नाही, निदान उघड तरी नाही.

"हां," रत्नमालाबाई म्हणाल्या. "आता चालू द्या."

*

वॉर्डात आणलं तेव्हा हात अजून झोपलेलाच होता. उशीवर ठेवलेला, पांढऱ्या पट्ट्यांतला, आणि त्यांना स्वतःला त्याची काही खबर नाही. भूपाल सर स्टूल ओढून बसले.

"अहो, मला काही कळत नाही त्याचं. तुम्ही बघा. बोलतोय का?"

सरांनी हा हात असा कधी चाचपला नव्हता. मुल्लाकाकांनी शिकवलेलं आठवून त्यांनी बँडेजच्या कडेला दोन बोटं हलकेच टेकवली. डोळे मिटले. काही लागेना. बोटं जरा वर सरकवली, आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

"बोलतोय."

"किती?"

"आकडा नको विचारूस," ते म्हणाले. "चांगला बोलतोय."

त्यांनी नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी ब्लॉक उतरू लागला. बोटांत मुंग्या आल्या, मग दंड ठणकू लागला. नवी सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन आली आणि सवयीनं खिशातून पट्टी काढून त्यांच्या उजव्या मनगटाकडं झुकली. रत्नमालाबाईंनी हात मागं घेतला.

"ती नंतर. आधी विचार."

सिस्टर गोंधळली. भूपाल सरांकडं बघू लागली. सरांनी बायकोकडं बोट केलं.

"दुखतंय का ताई?"

"हो, दुखतंय," रत्नमालाबाई म्हणाल्या. "आणि मी म्हणते तेवढंच दुखतंय. लिही."